दगड पाण्यावर तरंगतो का?

लुसेआनेच्या मांडीवर एक पिशवी होती आणि त्या पिशवीत तिचा धाकटा भाऊ होता, असं म्हटलं तरी चाललं असतं. चष्मा होता, कानातलं यंत्र होतं, डबीत कवळी होती, मोठ्या आकड्यांचं घड्याळ होतं, चर्चच्या ब्रास बँडच्या गणवेशात काढलेला फोटो होता. एवढं सगळं काढून घेतल्यावर आयसीयूतल्या खाटेवर सातेकी असा कितीसा उरला असेल, असा एक विचार तिच्या मनात येऊन गेला. चांगला विचार नव्हता तो. तिनं घराबाहेर पडताना रीतीप्रमाणे कमरेला बांधलेली विणलेली झालर नीट केली आणि गाडीच्या खिडकीबाहेर बघितलं.

गाडी फिनाऊ चालवत होती. सातेकीची ही मोठी मुलगी विमानतळावर प्रवाशांच्या बॅगा तपासायची, आणि त्या नोकरीनं तिला एक खोड लावली होती. सिग्नलला गाडी थांबली की तिचा हात आपोआप जवळच्या पिशवीत जायचा.

"आत्या, यात धारदार काही नाही ना?"

"माझी जीभ आहे. ती पिशवीत मावली नाही."

फिनाऊ हसली. "वजरी टाकलीय मी. बघ, तळाशी आहे."

"आयसीयूत वजरी कशाला गं?"

"घशातली नळी काढल्यावर बाबांचं पहिलं वाक्य काय होतं माहितीये? मला वाटलं, देवाचं नाव घेतील. नाहीतर आईचं. तर म्हणाले, 'टाचा खरखरतायत.'"

ही वजरी दुकानातली नव्हे. मुठीएवढा, राखाडी, भोकाभोकांचा दगड. हातात घेतला तर पावासारखा हलका. दूरच्या बेटावरल्या आपल्या गावच्या किनाऱ्यावरून सातेकीनं तो ऑकलंडला येतानाच आणला होता, आणि मांस कारखान्यातून रोज संध्याकाळी आल्यावर त्यानं टाचा घासल्याशिवाय त्याला आंघोळ झाल्यासारखी वाटत नसे.

निमोनियानं सातेकीला आडवं केलं होतं. नळ्या, यंत्रं, सगळं होऊन आता ताप उतरत होता. घरच्यांना भीती होती ती वेगळीच. त्याच्या बायकोचं, वाइमोआनाचं, दोन हिवाळ्यांपूर्वी दुसऱ्या एका रुग्णालयात खुब्याचं ऑपरेशन झालं. हाड छान जुळलं, पण वाइमोआना तिथंच कुठेतरी हरवली. तिला छतावर खेकडे चालताना दिसायचे. मग तिला शांत ठेवायचं औषध सुरू केलं. ती शांत झाली, आणि घरी आल्यावर शांतच राहिली, अगदी जाईपर्यंत. जिच्या आवाजानं शेजारची कुत्री गप्प बसायची, ती बाई.

"बाबांचं तसं होऊ द्यायचं नाही," फिनाऊ म्हणाली. हे ती रोज एकदा म्हणायचीच.

काय करायचं ते आयसीयूतल्या नर्सनं सांगितलं होतं. तिचं नाव ब्रायडी. दक्षिण बेटावरच्या मेंढ्यांच्या गावातली, लाल गालांची, ऑकलंडला नुकतीच आलेली पोर.

"म्हातारं माणूस इथे आलं की छाती सुधारते आणि डोकं भरकटतं," ती म्हणाली होती. "दिसत नाही, ऐकू येत नाही, दिवे मालवत नाहीत, यंत्रं सारखी कोकलतात. मग मन बिचारं स्वतःच काहीतरी रचायला लागतं. त्यावर चांगली गोळी नाही हो. ते होऊच द्यायचं नाही, हाच उपाय. चष्मा द्या, कान द्या, दात द्या. दिवसा उजेड, रात्री अंधार. लवकर खुर्चीत बसवायचं. आणि घरचं कुणीतरी दिवसा शेजारी बसून बोलत राहायचं. नेहमीचंच. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं भांडण झालं."

"भांडणं भरपूर आहेत," फिनाऊ म्हणाली होती.

माणूस मात्र नव्हतं. फिनाऊची पाळी दिवसाची, तिचा नवरा ट्रकवर, भाऊ ब्रिस्बेनला. दिवसा मोकळी अशी एकच होती, ती लुसेआने.

"पण आत्या, तू..." फिनाऊनं वाक्य अर्धंच सोडलं.

"मी काय? आजारपणात सगळं माफ असतं," लुसेआने म्हणाली. म्हणताना तिला स्वतःलाच ते फारसं पटलं नव्हतं.

लुसेआने बारा वर्षांची झाली त्या वर्षी सातेकीचं अंथरूण मोठ्या मुलांच्या झोपडीत हललं. तेव्हापासून भाऊ झोपतो त्या खोलीत बहिणीनं पाऊल टाकलं नव्हतं, आणि बहिणीसमोर भावानं थट्टेचा एक शब्द काढला नव्हता. टीव्हीवर नायक नायिकेच्या फार जवळ गेला की सातेकी उठायचा आणि गाडीचं चाक बघायला बाहेर जायचा. त्याच्या गाडीची चाकं त्यामुळे नेहमी उत्तम असत. वर्षाचा पहिला सुरण तो आधी तिच्या दारात आणून ठेवायचा, तिच्या घराचं छप्पर त्यानं स्वतः ठोकलं होतं, पण दारातून आत यायचा तो मान खाली घालून. त्यात राग नव्हता, दुरावाही नव्हता. बहीण वरची, भाऊ तिच्या पायरीखालचा, एवढंच. लहानपणापासून शिकलेलं ते, हाडात गेलेलं.

आणि आता ती त्याच्या खाटेशी उभी होती.

सातेकीच्या अंगावर मागून दोरीनं बांधायचा रुग्णालयाचा अंगरखा होता आणि चादरीतून दोन उघडे पाय बाहेर आले होते. लुसेआनेनं ताबडतोब खिडकीकडे नजर वळवली. सातेकीनं ताबडतोब डोळे मिटले. ब्रायडीला यातलं काहीच दिसलं नाही. ती पिशवीतल्या वस्तू टेबलावर मांडत होती आणि उरलेल्या वस्तू खाटेजवळच्या कपाटात टाकत होती.

"बसा ना, आत्या. हात धरा त्यांचा." फिनाऊचं ऐकून तीही आत्याच म्हणायला लागली होती.

लुसेआने बसली, पण खुर्ची खिडकीकडे तोंड करून. काचेला उद्देशून तिनं बातम्या सांगायला सुरुवात केली. आज बुधवार आहे. बाहेर ऊन आहे. चर्चच्या छपराच्या वर्गणीवरून दोघांची जुंपलीय. बँडमध्ये त्याच्या जागी ज्याला बसवलंय तो गाल फुगवतो खूप, आवाज काढतो थोडा. मागून उत्तर आलं नाही.

थोड्या वेळानं ब्रायडी आली. "काका, डोळे उघडा. मी ब्रायडी. आज पोट साफ झालं का?"

लुसेआनेच्या पाठीचा कणा ताठ झाला. खाटेवरून श्वासही ऐकू येईना.

"काका? पोटाचं विचारतेय मी. शौचाला झाली का?"

लुसेआने काचेतून समोरच्या गाड्यांचे नंबर वाचायला लागली. ब्रायडीनं अजून एकदोन प्रश्न विचारले, हात दाबायला सांगितलं, आणि शेवटी उसासा टाकला. "हरवलेत हो आज. काहीच प्रतिसाद नाही."

लुसेआने घरी गेली ती मनात वाइमोआनाला घेऊन. पण संध्याकाळी फिनाऊचा फोन आला.

"आत्या, बाबा फर्मास आहेत! सूपला नावं ठेवली, डॉक्टरांच्या बुटांना नावं ठेवली. माझा नवरा जाड झाला म्हणाले."

"तो झालाच आहे. पण मग सकाळी काय झालं होतं?"

दुसऱ्या दिवशीही तेच. लुसेआने बसली, काचेशी बोलली, मागे सामसूम. ब्रायडी तिच्या शेजारी वाकून हळूच म्हणाली, "हे असंच असतं, आत्या. येतं आणि जातं. लक्षणच आहे ते. आत्ता आत्तापर्यंत बरे होते, मला मेंढ्यांवरून चिडवत होते. तुम्ही येता आणि नेमके हरवतात बघा. तुमचं नशीबच. उद्या सकाळी डॉक्टर ग्रीव स्वतः तपासणार आहेत. असंच राहिलं तर वॉर्डात पाठवणार नाहीत, डोक्याचं स्कॅन काढतील, आणि मग औषध..."

"कसलं औषध?"

"थोडं शांत राहायचं."

लुसेआने पुन्हा खिडकीकडे वळली. बाहेर ढग आला होता, त्यामुळे काचेत मागची खोली दिसू लागली होती. फळ्यावरची तारीख दिसत होती, खाट दिसत होती, खाटेवर सातेकीचा मोठा करडा चेहरा दिसत होता. आणि ती बघत असतानाच त्या चेहऱ्यातला एक डोळा उघडला. डोळ्यानं तिच्या पाठीचा अंदाज घेतला. अजून बसलीय हे बघितलं. आणि घट्ट मिटला.

लहानपणी प्रार्थनेच्या वेळी तो असाच एक डोळा उघडायचा.

लुसेआने उठली आणि ब्रायडीचा दंड धरून तिला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेली. तिथे गेल्यावर मात्र सुरुवात कशी करावी ते तिला सुचेना.

"तो हरवत नाही," ती शेवटी म्हणाली. "तो लपतोय."

"कुणापासून?"

"माझ्यापासून."

ब्रायडीचे गाल आणखी लाल झाले. "ते... म्हणजे तुमचं काही भांडण..."

"भांडण नाही गं बाई! मी बहीण आहे त्याची. तो खाटेवर, अंगात तो पाठ उघडी टाकणारा झगा, तोंडात दात नाहीत. आणि वर तू माझ्यासमोर त्याला शौचाचं विचारतेस. तो काय बोलणार? मेल्याचं सोंग घेण्यावाचून त्याच्या हातात होतं काय?"

ब्रायडीनं तोंडावर हात ठेवला. "माझा भाऊ माझ्यासमोर ढेकर देतो. आणि ती कुठल्या जेवणाची ते ओळखायला सांगतो."

"अरेरे."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"मलाही आत्ता कळलं. मी बघितलं कुठे त्याच्याकडे? बघायचं नसतं." लुसेआनेला आता हसू यायला लागलं होतं आणि रडूही, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे तिनं रुमाल काढला. "मी येतच नाही उद्यापासून. माझ्या येण्यानंच तो वेडा ठरतोय."

"छे! दिवसा बोलायला माणूस हवंच त्यांना. इथे मधे पडदा ओढला तर?"

लुसेआनेनं विचार केला. गावाकडे खोल्यांच्या मधे झाडाची साल कुटून केलेल्या कापडाचा पडदा असायचा, आणि त्या पडद्यातून अर्धं आयुष्य बोलून व्हायचं. "थेट बोलत नाही आम्ही असलं काही. मधे कुणीतरी लागतं निरोप सांगायला."

"मी आहे की."

अशी ती व्यवस्था झाली. पडद्याच्या एका बाजूला खिडकीशी लुसेआने, दुसऱ्या बाजूला खाट, आणि मधे ब्रायडी, जिला दोन्हीकडचं आधीच ऐकू गेलेलं असायचं आणि तरी ते पुन्हा सांगायचं काम असायचं.

"सांग त्याला, कवळी लाव म्हणावं. पोपटासारखा आवाज येतोय."

"काका, तुमच्या ताई म्हणतात..."

"सांगा तिला, लावली. आणि पोपट म्हणजे कोण ते विचारा. ती गाते तेव्हा पाद्री डोळे मिटतात ते भक्तीनं नव्हे."

पडद्यामागे लुसेआने थक्क झाली. साठ वर्षांहून जास्त काळात त्यानं तिची केलेली ही पहिली थट्टा. पडद्यातून केलेली, म्हणून मोजायची की नाही ते तिला ठरवता येईना. तिनं मोजली नाही. पण जपून ठेवली.

दुपारभर असं चाललं. चष्मा चढला, कानातलं यंत्र शिट्टी मारून बसलं, आणि ब्रायडीनं त्याला खाटेच्या कडेला पाय सोडून बसवलं तेव्हा तो म्हणाला, "सांगा तिला, आज गुरुवार आहे. उद्या ती मासे आणेल आणि परवा महाग पडले म्हणून कुरकुरेल." लुसेआने त्या रात्री शांत झोपली.

सकाळी डॉक्टर ग्रीव आले. स्कॉटलंडचा उंच, मृदू बोलणारा माणूस; बूट खरंच विनोदी होते. ब्रायडीनं त्यांना पडद्याचं सगळं समजावलं होतं. ते पडद्याकडे बघून अदबीनं "नमस्कार" म्हणाले आणि खाटेशी बसले. लुसेआने खिडकीशी हात जोडून बसली. इथे तो चुकला की शांत राहायचं औषध. एवढंच तिच्या डोक्यात होतं.

"मी अक्षरं म्हणतो. 'अ' आला की माझा हात दाबायचा."

सातेकीनं दाबला. "जरा हळू दाबलात तरी चालेल," डॉक्टर म्हणाले. कारखान्यात बैल सोलणारा हात तो.

"छान. आता साधे प्रश्न. हो किंवा नाही. दगड पाण्यावर तरंगतो का?"

"तरंगतो."

पडद्याच्या पलीकडे डॉक्टरांनी प्रश्न पुन्हा विचारला.

"नीट ऐका हं. दगड. पाण्यावर. तरंगेल का?"

"हो हो, तरंगतो. पण त्याच्यावर उभं राहू नये. माणूस बुडतो."

"बरं. समुद्रात मासे असतात का?"

"असायचे. आता दुकानात असतात."

"एक किलो दोन किलोपेक्षा जड असतो का?"

"आमच्या कारखान्यातल्या काट्यावर असायचा. साहेबाचा अंगठा खाली होता ना."

ब्रायडीनं हसू दाबल्याचा आवाज आला. डॉक्टर हसले नाहीत. खुर्ची सरकली, आणि ते तिच्याशी हलक्या आवाजात बोलू लागले. पडद्याच्या इतक्या जवळ येऊन, की लुसेआनेला प्रत्येक शब्द ऐकू आला.

"बाकीच्या दोन चेष्टा आहेत असं धरू. पण दगडाचं फार ठाम होतं. दोनदा. आणि तो बुडणारा माणूस? त्यांना काहीतरी दिसत असावं. आज हलवायला नको. स्कॅन काढू, आणि रात्री थोडं शांत राहायचं औषध देऊ."

लुसेआनेला मात्र तो बुडणारा माणूस चांगला माहीत होता. माणूस कुठला, सहा वर्षांचं पोर.

त्या वर्षी दूर समुद्राच्या पोटात डोंगर फुटला होता, आणि एका सकाळी गावची खाडी राखाडी झाली होती. पाणी दिसतच नव्हतं. लांबवर दगडच दगड, एकमेकांना घासत, करकरत, लाटेबरोबर श्वास घेतल्यासारखे वर-खाली होणारे. होडीत ती दोघंच होती. सातेकीला वाटलं, जमीन आली. त्यानं उडी मारली आणि तो नाहीसा झाला. वरून दगड परत जुळले, भांड्यावर झाकण बसावं तसे. लुसेआनेनं दगडांत हात घातला. केस हाताला लागले. तिनं ओढलं. घरी आल्यावर आईनं आधी तिला बडवलं, मग त्याला. त्यानंतर दोघांत त्या दिवसाचा शब्द निघाला नाही, आणि पुढे निघायची सोयच राहिली नाही.

तो विसरला नव्हता. सगळा जागेवर होता. त्याला पाहिजे तेवढा जागेवर होता.

"तरंगतो!" लुसेआने ओरडली.

पडद्यापलीकडे सगळे दचकले. "काय म्हणालात, आजी?" डॉक्टरांनी विचारलं.

"दगड! तरंगतो!"

मग डॉक्टर फार प्रेमानं म्हणाले, "आजी, तुम्ही बसा. बरेच दिवस धावपळ चाललीय तुमची. पाणी प्या थोडं." आणि ब्रायडीकडे वळून हळूच, "यांचं वय काय?"

"अठ्ठ्याहत्तर," पडदा म्हणाला. "आणि कान अजून चांगले आहेत."

ब्रायडीला सांगता आलं असतं. कपाट उघड, तळाची वजरी काढ, एवढंच म्हणायचं होतं. रीत तीच होती. पण त्या दिवशी खाडीतही कुणाला सांगायला वेळ नव्हता. लुसेआनेनं पडद्यात हात घातला आणि पाठोपाठ स्वतःही आत गेली. नजर जमिनीवर. कुणाचे तरी विनोदी बूट, खाटेची चाकं, कपाट. वर कुठेतरी चादर सर्रकन नाकापर्यंत ओढली गेल्याचा आवाज आला. तिनं कपाट उघडलं, घड्याळाचं खोकं बाजूला केलं, दगड काढला. सातेकीचं अंग पुसायला ब्रायडीनं घंगाळभर कोमट पाणी आणून ठेवलं होतं. लुसेआनेनं हात वर उचलला आणि दगड त्यात सोडला.

पाणी डॉक्टरांच्या बुटांवर उडालं. दगड बुडाला, वर आला, आणि आपला राखाडी पाठीचा कणा वर काढून घंगाळात डुलत राहिला.

डॉक्टर ग्रीव वाकले. त्यांनी एका बोटानं दगड खाली दाबला. बोट काढलं. तो टुणकन वर आला. त्यांनी पुन्हा दाबला. मग, कुणी बघत नाही असं समजून, तिसऱ्यांदा.

"ज्वालामुखीचा," ते म्हणाले. "अर्थातच. अर्थातच! शाळेत शिकलोय मी हे."

"आमच्या खाडीत जेवढी नजर जाईल तेवढे होते," लुसेआने जमिनीशी बोलली. "आणि हा त्यांच्यावर उभा राहायला गेला. म्हणून म्हणाला तो तसं. बुडला होता तो. मी काढला."

"केसांना धरून," चादरीखालून आवाज आला. "अजून तिथे टक्कल आहे."

ब्रायडी आता उघड हसत होती. डॉक्टरांनी बूट पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि मान डोलावली. "मला दुसरा प्रश्न विचारावा लागेल. हातोडीनं खिळा ठोकता येतो का?"

"मला विचारता? हिच्या घराचं छप्पर मी ठोकलंय. गळतं का ते विचारा तिला."

लुसेआने तोवर पडद्यामागे परत पोचली होती. "गळतं," ती म्हणाली.

"काय?"

"स्वयंपाकघरात. पहिल्या पावसापासून. मी पातेलं ठेवते."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?" सातेकी थेट पडद्यावरच ओरडला, मधे कुणालाही न घेता.

"मान ठेवला तुझा!"

यावर सातेकीला जे हसू फुटलं त्याचा खोकला झाला, खोकल्यातून छातीतला उरलासुरला कफ निघाला, आणि ब्रायडी म्हणाली की सकाळपासून फुंकायची नळी देऊन ती ज्यासाठी त्याच्या मागे लागली होती ते काम आपोआप झालं. डॉक्टरांनी स्कॅनचं नाव काढलं नाही, औषधाचंही नाही. उभे राहून ते म्हणाले, "आज खुर्चीत बसवा. दुपारी वॉर्डात जाऊ दे." दाराशी पोचून ते परत आले आणि घंगाळातला दगड त्यांनी अजून एकदा दाबून बघितला.

वॉर्डात जागा रिकामी व्हायला वेळ होता. तोवर ब्रायडीनं सातेकीला दोन हात देऊन उभं केलं, फिनाऊनं घरून आणून ठेवलेला बँडचा कोट त्याच्या अंगरख्यावर चढवला, पायांवर पांघरूण टाकलं आणि खिडकीशी खुर्चीत बसवलं. पडदा तिनं ओढून दोघांच्या खुर्च्यांमधे घेतला आणि दोन्ही खुर्च्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला केली. आता भावाला बहीण दिसत नव्हती, बहिणीला भाऊ दिसत नव्हता, आणि दोघांना एकच आकाश दिसत होतं. खिडकीच्या कट्ट्यावर दगड वाळत पडला होता.

"मी चहा घेऊन येते," ब्रायडी म्हणाली. "दोघं नीट राहा."

ती गेली. दूरवर एक विमान खाली येत होतं, विमानतळाच्या दिशेनं, पोट जड झाल्यासारखं सावकाश.

"सांग त्याला," लुसेआने रिकाम्या खोलीला म्हणाली, "आता फिनाऊ सगळ्यांच्या बॅगा उचकटेल."

दात नीट बसवल्याचा बारीकसा टक् असा आवाज आला.

"सांगा तिला," सातेकी आकाशाला म्हणाला, "घरी गेलो की शिडी काढतो."

"सांग त्याला, शिडीला हात लावलास तर बघ. नवा निमोनिया नकोय. पातेलं आहे ते बरं आहे."

"सांगा तिला, वजरी इकडे सरकव म्हणावं. टाचा खरखरतायत."

लुसेआनेनं आजूबाजूला बघितलं. निरोप न्यायला कुणीच नव्हतं. तिनं कट्ट्यावरचा दगड बोटाच्या टोकानं पडद्याखालून पलीकडे ढकलला, आणि पलीकडून तो उचलला गेला.